भारवितरक जोडणीचा प्रश्न : अमेरिकेतील प्रवासी ट्रेलर आणि ओझ्याच्या समतोलाचा इतिहास

गोषवारा

मोटारीमागे निवासी ट्रेलर जोडून प्रवास करण्याची प्रथा अमेरिकेत पहिल्या महायुद्धानंतर रूढ झाली. ट्रेलरच्या पुढील टोकाचा भार मोटारीच्या मागील भागावर पडतो. हा भार सर्व चाकांवर विभागण्यासाठी विसाव्या शतकाच्या मध्यास वेट डिस्ट्रिब्यूशन हिच, म्हणजे भारवितरक जोडणी, प्रचारात आली. ती वापरावी की नाही, आणि वापरल्यास किती ताणावी, या प्रश्नाचे उत्तर गेल्या सात दशकांत अनेकदा बदलले. मोटारीची बांधणी, रस्त्यांवरील वेग, देशोदेशीचे नियम आणि संशोधनातून मिळालेले ज्ञान यांच्याशी या बदलाचा संबंध कसा होता, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

प्रस्तावना

तंत्रविद्येचा इतिहास लिहिताना आपले लक्ष सहसा मोठ्या शोधांकडे जाते. वाफेचे इंजिन, विमान, संगणक यांचे इतिहास विपुल आहेत. परंतु दोन वाहने एकमेकांस जोडणारा खटका, त्यावर पडणारे ओझे आणि ते ओझे सांभाळण्यासाठी लावलेली पोलादी पट्टी यांचाही एक इतिहास असतो. हे भाग किरकोळ वाटतात. पण ते चुकले तर कुटुंबच्या कुटुंब रस्त्यावर उलटते. म्हणून त्यांचा विचार क्षुल्लक मानता येत नाही.

ओझ्याच्या समतोलाचा प्रश्न मराठी वाचकास अपरिचित नाही. दोन चाकांच्या बैलगाडीला एकच आस असतो. माल आसाच्या पुढे अधिक भरला तर जू बैलांच्या मानेवर बसते. अशा गाडीला आपल्याकडे धुरजड म्हणतात. माल मागे अधिक झाला तर दांडी वर उचलली जाते, जू बैलांच्या गळ्याला ओढ देते आणि गाडी उलाळ होते. एकाच आसाभोवती होणाऱ्या या दोन्ही दोषांना आपल्या भाषेत स्वतंत्र शब्द आहेत, यावरून हा अनुभव किती जुना आणि सार्वत्रिक होता हे दिसून येते. अमेरिकेतील प्रवासी ट्रेलर हेही तत्त्वतः एकाच आसाभोवती, किंवा जवळजवळ बसविलेल्या दोन आसांभोवती, तोललेले वाहन आहे. फरक इतकाच की जुवाच्या जागी मोटारीचा मागील भाग आला आणि वेग ताशी चार किलोमीटरऐवजी शंभर किलोमीटर झाला.

निबंधाची उद्दिष्टे

१. अमेरिकेतील प्रवासी ट्रेलरच्या विकासाचा संक्षिप्त आढावा घेणे.
२. भारवितरक जोडणीचे कार्य सोप्या गणिताच्या आधारे स्पष्ट करणे.
३. या जोडणीविषयीच्या मतांत झालेल्या बदलांची कारणे शोधणे.
४. साधनाच्या योग्य वापराची जबाबदारी उत्पादक, शासन व वापरकर्ता यांच्यात कशी विभागली गेली, हे तपासणे.

प्रवासी ट्रेलरचा उदय

चाकांवरच्या घराची हौस मोटारीपेक्षा जुनी आहे. इंग्लंडमध्ये विल्यम गॉर्डन स्टेबल्स या लेखकाने इ.स. १८८५ मध्ये ‘द वाँडरर’ नावाची घोड्यांनी ओढावयाची निवासी गाडी बांधून घेतली आणि तीतून देशभर भ्रमंती केली. तिथे १९०७ मध्ये कॅरव्हॅन क्लबची स्थापना झाली, तर १९१९ मध्ये एक्लस या कंपनीने मोटारीमागे जोडण्याची कॅरव्हॅन बनविण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील टॅम्पा येथे ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही मोटारप्रवाशांची संघटना उभी राहिली. स्वस्त मोटार, नवे रस्ते आणि युद्धोत्तर काळातील फुरसत यांतून हा छंद वाढला.

सुरुवातीचे ट्रेलर घरगुती बनावटीचे होते. त्यांना व्यवसायाचे रूप देणाऱ्यांत डेट्रॉइटचे जीवाणुशास्त्रज्ञ आर्थर शर्मन यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. त्यांनी १९२९ च्या सुमारास ‘कव्हर्ड वॅगन’ या नावाने ट्रेलर बांधण्यास आरंभ केला आणि १९३० च्या दशकाच्या मध्यास त्यांची कंपनी देशातील सर्वांत मोठी ट्रेलर-उत्पादक बनली. दुसरी परंपरा विमानविद्येतून आली. ग्लायडरचे रचनाकार हॉली बोलस यांनी १९३४ मध्ये ॲल्युमिनियमचा ‘रोड चीफ’ हा हलका ट्रेलर तयार केला. त्याच रचनेचा आधार घेऊन वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने १९३६ मध्ये ‘क्लिपर’ बाजारात आणला.

याच काळात विमानविद्येतील आणखी एका अग्रणीने जोडणीच्या प्रश्नाला हात घातला. ग्लेन कर्टिस यांच्या १९२८ च्या ‘एरोकार’ या ट्रेलरचा भार मोटारीच्या शेपटीवर न ठेवता मागील आसाच्या जवळ घेतला जाई. ट्रेलरचा भार आसाच्या मागे लोंबता ठेवण्यापेक्षा आसावर आणणे अधिक सुरक्षित, हे तत्त्व त्यामागे होते. आज मालमोटारीच्या हौद्यात जोडल्या जाणाऱ्या ‘फिफ्थ व्हील’ ट्रेलरांत तेच तत्त्व दिसते. परंतु त्यासाठी मोटारीच्या मागील भागात खास व्यवस्था करावी लागे. सामान्य कुटुंबाची मोटार तशी नव्हती. तिच्या बंपरला किंवा चौकटीला मागे एक गोळा बसवून त्यावर ट्रेलर अडकविणे हाच सोपा मार्ग होता, आणि तोच रूढ झाला. भारवितरक जोडणीचा पुढील सारा इतिहास या एका निवडीतून उद्भवला आहे.

समस्येचे स्वरूप

ट्रेलरच्या पुढील टोकाने गोळ्यावर पडणाऱ्या उभ्या भारास या निबंधात ‘जोडभार’ म्हटले आहे. हा भार शून्य असून चालत नाही. ट्रेलरचा गुरुत्वमध्य त्याच्या आसाच्या पुरेसा पुढे नसेल तर वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे हेलकावे घेऊ लागतो, हे हेलकावे वाढत जातात आणि शेवटी मोटारीलाही फिरवून टाकतात. म्हणूनच अमेरिकेत जोडभार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा असा दंडक रूढ झाला. बैलगाडीच्या भाषेत सांगावयाचे तर ट्रेलर किंचित धुरजडच असावा लागतो. उलाळ ट्रेलर घातक ठरतो.

पण हा आवश्यक भार मोटारीच्या मागील आसाच्याही मागे लोंबतो. त्याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ट्रेलरचे वजन २५०० किलो व जोडभार ३०० किलो, म्हणजे १२ टक्के, आहे असे समजू. मोटारीच्या दोन आसांतील अंतर ३ मीटर आणि मागील आसापासून गोळ्यापर्यंतचे अंतर १.२ मीटर मानू. तराफेच्या नियमाने पुढील आसावरील भार ३०० × १.२ ÷ ३, म्हणजे १२० किलोंनी कमी होतो. मागील आसावर मात्र ३०० नव्हे, तर ४२० किलोंची भर पडते. मोटारीचे नाक वर होते, दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो, सुकाणू हलके लागते आणि पुढील ब्रेकची पकड घटते.

यावर पहिला उपाय म्हणून मागील स्प्रिंगांना जोड-स्प्रिंग लावण्यात येऊ लागल्या. मोटार दिसण्यास समतल झाली. परंतु पुढील आसाचे गेलेले १२० किलो परत आले नाहीत. उंची पूर्ववत होणे आणि भार पूर्ववत होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळ गैरसमज निर्माण झाले, आणि ते अद्याप पूर्णतः दूर झालेले नाहीत.

भारवितरक जोडणीचे कार्य

१९५० च्या दशकात अमेरिकेत भार समान करणाऱ्या जोडण्या प्रचारात आल्या. ईझ-लिफ्ट आणि रीस ही त्यांतील परिचित नावे होत. त्यांची रचना थोडक्यात अशी : गोळा ज्या ठोकळ्यावर बसतो त्या ठोकळ्यातून दोन लवचीक पोलादी दांड्या निघून ट्रेलरच्या पुढील चौकटीखाली मागे जातात. त्यांची मागील टोके साखळ्यांनी वर ओढून चौकटीस बांधली जातात. ताणलेल्या दांड्या सांध्याला वरच्या दिशेने पीळ देतात. एकचाकी हातगाडीचे दोन दांडे उचलले की ओझे चाकाकडे सरकते. येथे मोटार ही हातगाडीच्या ठिकाणी आहे आणि तिचे मागील टोक जणू या दांड्यांनी उचलले जाते. त्यामुळे भाराचा काही अंश मोटारीच्या पुढील चाकांवर आणि काही अंश ट्रेलरच्या चाकांवर जातो.

वरील उदाहरणच पुढे नेऊ. गोळ्यापासून ट्रेलरच्या आसापर्यंतचे अंतर ५ मीटर धरले, तर दांड्यांच्या ताणानुसार एकूण ३०० किलोंचा जोडभार पुढीलप्रमाणे विभागला जातो :

१. जोडणी नसताना : पुढील आस १२० किलोंनी हलका, मागील आस ४२० किलोंनी जड, ट्रेलरच्या आसावर बदल नाही.
२. पुढील आसाचा निम्मा भार परत आणल्यास : पुढील आस ६० किलोंनी हलका, मागील आस सुमारे ३३१ किलोंनी जड, ट्रेलरच्या आसावर सुमारे २९ किलोंची भर.
३. पुढील आसाचा संपूर्ण भार परत आणल्यास : पुढील आस पूर्ववत, मागील आस सुमारे २४२ किलोंनी जड, ट्रेलरच्या आसावर सुमारे ५८ किलोंची भर.

या आकड्यांवरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ओझे नाहीसे होत नाही. तिन्ही स्थितींत बेरीज ३०० किलोच राहते. दुसरी, मोटारीची एकूण भारवाहन मर्यादा ओलांडली गेली असेल तर ही जोडणी तिला फारशी वाचवू शकत नाही, कारण संपूर्ण ताण दिला तरी मोटारीवरून ट्रेलरवर जाणारा भार ५८ किलोच आहे. तिसरी, दांड्या जितक्या ताणाव्यात तितके मागील आसावरील दडपण कमी होत जाते. ही तिसरी गोष्ट पुढे वादाचा विषय झाली.

सुवर्णकाळ आणि त्याची गृहीते

१९५० व १९६० ही दशके अमेरिकी प्रवासी ट्रेलरचा सुवर्णकाळ मानली जातात. वॉली बायम यांनी ट्रेलरधारकांचे मोठे तांडे परदेशी नेले. १९५९ मध्ये एक तांडा केपटाऊनहून कैरोकडे निघाला. बायम यांचे १९६२ मध्ये निधन झाले; पण त्यांच्या प्रेरणेतून १९६३-६४ मध्ये निघालेला जगप्रदक्षिणेचा तांडा सिंगापूरहून निघून भारतमार्गे युरोपात गेला. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांच्या ४१,००० मैलांच्या जाळ्यास मान्यता मिळाली आणि ट्रेलरांचा वेग वाढला.

या काळातील कुटुंबाची मोटार लांब, जड, स्वतंत्र पोलादी चौकटीवर बांधलेली आणि मऊ स्प्रिंगांची होती. अशा मोटारीचे शेपूट जोडभाराने सहज खाली बसे. भारवितरक जोडणीने ते वर येई आणि चालकास तत्काळ फरक जाणवे. ‘जोडणी लावावी काय?’ या प्रश्नाचे या पिढीने दिलेले उत्तर निःसंदिग्ध होकारार्थी होते, आणि त्या मोटारींच्या बाबतीत ते बव्हंशी योग्यही होते. किती ताणावी, याचेही सोपे मोजमाप सांगितले जाई : मोटार पुढे-मागे सारखी खाली बसली म्हणजे झाले. विक्रेत्याला समजावण्यास आणि ग्राहकाला तपासण्यास ते सोयीचे होते. मात्र ते उंचीचे मोजमाप होते. आसांवरील भाराचे ते थेट मोजमाप नव्हते.

संशोधनाने उपस्थित केलेली शंका

१९६७ मध्ये जनरल मोटर्समधील अभियंते आर. थॉमस बंडॉर्फ यांनी मोटार व प्रवासी ट्रेलर यांच्या दिशानियंत्रणाचे गतिशास्त्रीय विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यानंतर १९७८-७९ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील सिस्टिम्स टेक्नॉलॉजी या संस्थेतील क्लाइन व शोस्टाक यांनी ट्रेलर जोडण्याच्या पद्धतींचा मोटारीच्या हाताळणीवर व ब्रेकवर होणारा परिणाम तपासला. या अभ्यासांतून पुढे आलेला मुद्दा विक्रेत्यांच्या सोप्या समजुतीस छेद देणारा होता.

वळणावर ट्रेलर जोडणीच्या गोळ्यास बाहेरच्या बाजूस रेटतो. हा रेटा प्रामुख्याने मोटारीच्या मागील टायरांना पेलावा लागतो. भारवितरक दांड्या मागील आसावरील उभा भार कमी करतात, पण आडवा रेटा तितक्या प्रमाणात कमी करीत नाहीत. म्हणजे मागील टायरांचे काम जवळजवळ तेच राहते आणि जमिनीवरची त्यांची पकड मात्र घटते. परिणामी मोटारीच्या वळणाच्या प्रवृत्तीत बदल होतो. सामान्य मोटार वळणावर सुकाणूच्या अपेक्षेपेक्षा थोडी कमी वळते. हिला अंडरस्टिअर म्हणतात आणि चालकाच्या दृष्टीने ती सुरक्षित बाजू आहे. दांड्या अति ताणल्यास हा सुरक्षित कल घटतो, आणि अतिरेक झाल्यास मागील भाग बाहेर घसरण्याची, म्हणजे ओव्हरस्टिअरची, शक्यता निर्माण होते.

याची दुसरी बाजूही लक्षणीय आहे. जोडणीवरील बाहेरचा रेटा मागील आसाच्या मागे असल्याने पुढील चाकांचे आडवे काम काही अंशी हलके होते. म्हणून पुढील आसावरून गेलेला प्रत्येक किलो परत आणलाच पाहिजे, हा आग्रह सुकाणूच्या दृष्टीने निराधार ठरतो. सारांश, भार कमी परत आणला तर पुढील चाके हलकी पडतात आणि अति परत आणला तर मागील चाकांची पकड जाते. योग्य बिंदू या दोहोंच्या मध्ये आहे, आणि तो केवळ डोळ्यांनी मोटारीची उंची पाहून सापडत नाही.

मोटार बदलली, प्रश्नही बदलला

१९७३ च्या तेलसंकटाने आणि १९७५ च्या इंधन-कार्यक्षमतेच्या कायद्याने अमेरिकी मोटारीचे रूप पालटले. मोटारी आखूड व हलक्या झाल्या; स्वतंत्र चौकटीऐवजी एकसंध सांगाड्याची बांधणी आणि पुढील चाकांना गती देणारी रचना सर्वसामान्य झाली. भारवितरक दांड्यांचा पीळ मोटारीच्या मागील सांगाड्यातून वाहून न्यावा लागतो. चौकटीवरच्या मोटारीत तो सहज सामावत असे. एकसंध सांगाड्यात तसे घडेलच असे नव्हते. ट्रेलर ओढण्याचे काम क्रमाने पिकअप आणि एसयूव्ही या वर्गाकडे गेले. काही मोटार कंपन्यांनी भारवितरक जोडणी अनिवार्य केली, काहींनी ऐच्छिक ठेवली, तर काहींनी तिचा वापर स्पष्टपणे वर्ज्य ठरविला. एकाच प्रश्नाला तीन उत्तरे मिळू लागली, आणि तिन्ही आपापल्या वाहनापुरती खरी होती.

जोडणीच्या गोळ्यास धरून ठेवणाऱ्या चौकोनी नळीवरही दोन मर्यादा छापल्या जाऊ लागल्या : एक साध्या जोडणीसाठी व दुसरी, त्याहून मोठी, भारवितरक जोडणीसाठी. उदाहरणार्थ, साध्या जोडणीस ५००० पौंड ट्रेलर व ५०० पौंड जोडभार ही मर्यादा अनेक वाहनांवर आढळते. परंतु मोठी मर्यादा वाचणारा ग्राहक ती सशर्त आहे हे सहसा विसरतो.

युरोपचा वेगळा मार्ग

अमेरिकेत अपरिहार्य मानलेली ही जोडणी युरोपात जवळजवळ वापरात नाही, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकास विचारात पाडणारी आहे. तेथे जोडभार मुळातच कमी ठेवला जातो. ब्रिटनमध्ये तो कॅरव्हॅनच्या भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा असे सुचविले जाते, आणि अनेक मोटारींच्या गोळ्यांची मर्यादा ७५ ते १०० किलो असते. इतक्या भारासाठी वितरणाची फारशी गरज पडत नाही. कमी जोडभाराने घटणारी स्थिरता दोन मार्गांनी भरून काढली जाते : घर्षणावर चालणारे स्थिरकारक सांध्यावरच बसवून आणि वेग मर्यादित ठेवून. ब्रिटनच्या मोटारमार्गांवर कॅरव्हॅन ओढताना ताशी ६० मैलांची मर्यादा आहे. जर्मनीत ती मूलतः ताशी ८० किलोमीटर असून विशिष्ट अटी पूर्ण करणाऱ्यांना १०० ची परवानगी मिळते. शिवाय युरोपीय ट्रेलरांचे ब्रेक मोटार मंदावताच ट्रेलरच्या पुढे सरकण्याने लागतात. अमेरिकी ट्रेलरांचे ब्रेक विजेवर चालतात. सरकणाऱ्या सांध्यावर ताणलेल्या दांड्या बसविणे गैरसोयीचे आहे.

एकाच भौतिक नियमाखाली दोन खंडांनी दोन निरनिराळ्या व्यवस्था उभ्या केल्या. अमेरिकेने जड जोडभार व अधिक वेग स्वीकारून त्याचा भार एका यंत्रावर टाकला; युरोपने हलका जोडभार स्वीकारून त्याची किंमत वेगमर्यादेच्या रूपाने चुकविली. त्यामुळे युरोपात जोडणीविना कॅरव्हॅन सुरक्षित चालते, म्हणून अमेरिकेतही चालेल, हा युक्तिवाद टिकत नाही. कारण व्यवस्थेतील एकच घटक उचलून दुसरीकडे नेता येत नाही. ब्रिटनमधील बाथ विद्यापीठात जोस डार्लिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० च्या दशकात केलेल्या प्रयोगांतही वेग, ट्रेलरमधील वजनाची मांडणी आणि जोडभार यांचा स्थिरतेशी असलेला निकटचा संबंध अधोरेखित झाला.

हेलकाव्यांचा गैरसमज

या इतिहासातील सर्वांत धोकादायक गैरसमज म्हणजे भारवितरण आणि हेलकावे-नियंत्रण यांची गल्लत. भारवितरक दांड्या उभ्या प्रतलात काम करतात. हेलकावे आडव्या प्रतलात होतात. ते रोखण्यासाठी घर्षणपट्टी, कॅमयुक्त दांड्या किंवा जिम हेन्स्ली यांच्या नावाशी निगडित अभिसारी दुव्यांची जोडणी अशा निराळ्या योजना कराव्या लागल्या. पुढे अनेक उत्पादनांत दोन्ही कामे एकाच साधनात एकत्र आली आणि ग्राहकाच्या मनात ती एकच झाली. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मोटारीतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही हेलकावे ओळखून निवडक चाकांचे ब्रेक लावू लागली.

तथापि, ज्या ट्रेलरचे सामान मागे भरले आहे, ज्याचा जोडभार अपुरा आहे, त्याला यांपैकी कोणतेही साधन मूलतः स्थिर करीत नाही. उलाळ गाडीला जाड दोर बांधून ती धुरजड होत नाही. प्रथम सामानाची मांडणी, नंतर वेग आणि सर्वांत शेवटी साधन, हा क्रम बदलल्यास साधन खोटा विश्वास देते.

मानकांचा उशिरा आलेला काळ

ट्रेलरच्या जोडण्यांचे वर्गीकरण अमेरिकेत एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे६८४ या मानकाने केले होते. मात्र मोटार किती वजन ओढू शकते, हे दीर्घकाळ प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने ठरवीत असे. २००८ मध्ये जे२८०७ हे मानक प्रसिद्ध झाले. त्यात ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळचा चढ प्रमाण मानून चढण्याची क्षमता, त्याचबरोबर ब्रेक, अंडरस्टिअर व हेलकावे यांच्या चाचण्या निश्चित करण्यात आल्या. टोयोटाने २०११ च्या मोटारींपासून ते प्रथम स्वीकारले. डेट्रॉइटच्या तीन मोठ्या कंपन्यांनी त्यानंतर काही वर्षांनी स्वीकारले. पुढील आसाचा किती भार परत आणला, हे गुणोत्तर या चौकटीत मोजण्याजोगी राशी बनले. त्यानंतरच्या काळात काही कंपन्यांच्या पुस्तिकांनी पूर्ण भार परत आणण्याऐवजी निम्माच आणण्याची सूचना केली.

१९६० व १९७० च्या दशकांतील संशोधनाचा आशय वाहनधारकाच्या पुस्तिकेत पोहोचण्यास सुमारे तीन दशके लागली, ही या इतिहासातील विचार करण्याजोगी घटना होय. संशोधन अभियंत्यांच्या परिषदांत उपलब्ध होते. परंतु जोडणी बसविणारा कारागीर व ट्रेलर विकणारा दुकानदार यांच्याकडे ‘समतल दिसेपर्यंत ताणा’ हाच वारसा होता. ज्ञान निर्माण होणे आणि ज्ञान हातापर्यंत पोहोचणे यांतील अंतर एवढे मोठे असू शकते. या विलंबाची किंमत ज्यांनी मोजली, त्यांत वजनकाट्यावर कधीही न गेलेली सामान्य कुटुंबेच अधिक असणार, हे उघड आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत मनोरंजन-वाहनांची उत्पादकांकडून झालेली पाठवणी सहा लाखांच्या पुढे गेली आणि तीत ओढून न्यावयाच्या वाहनांचेच प्राबल्य होते. महासाथीच्या काळात या छंदाकडे वळलेल्या नवख्या चालकांमुळे हा प्रश्न पुन्हा तातडीचा झाला.

आपल्याकडील एक समांतर अनुभव

प्रवासी ट्रेलर आपल्याकडे क्वचित दिसतो; पण जोडभाराचा प्रश्न पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात प्रत्येक गळीत हंगामात रस्त्यावर उभा असतो. ट्रॉलीच्या ओझ्याने ट्रॅक्टरची पुढील चाके उचलली जाणे आणि उसाच्या गाडीने बैलाची मान सुजणे ही एकाच भौतिक नियमाची दोन रूपे आहेत. २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी बैलगाडीच्या जुवाखाली आधाराचे एक जादा चाक बसविणारी ‘सारथी’ ही योजना सादर केली. मानेवरचा भार जमिनीकडे वळविणे हे तिचे सूत्र होते. अमेरिकेतील जोडणीशी तिचा ऐतिहासिक संबंध नाही. मात्र ओझे नष्ट न करता ते पेलू शकणाऱ्या ठिकाणी नेणे, हा विचार दोन्हीकडे समान आहे.

एक भेद मात्र महत्त्वाचा आहे. बैलगाडीचा गाडीवान माल स्वतः भरतो, बैलाची चाल पाहतो आणि दोन पोती मागे-पुढे सरकवून दोष दूर करतो. भरणारा, पाहणारा व दुरुस्त करणारा एकच असतो. प्रवासी ट्रेलरच्या बाबतीत आसाची जागा उत्पादकाने, जोडणी विक्रेत्याने, मर्यादा मोटार कंपनीने आणि वेग शासनाने ठरविलेला असतो. तरीही अपघातानंतर प्रश्न चालकालाच विचारला जातो.

निष्कर्ष

१. भारवितरक जोडणी वापरावी की नाही, याचे सर्वकाळी व सर्व वाहनांना लागू पडणारे उत्तर इतिहासात सापडत नाही. जोडभार मोटारीच्या मानाने मोठा असेल आणि मोटार कंपनी परवानगी देत असेल, तर ती वापरणे युक्त आहे. कंपनीने ती वर्ज्य केली असेल, तर अधिक हलका ट्रेलर किंवा अधिक सक्षम मोटार हाच पर्याय उरतो.

२. जोडणी अधिक ताणणे म्हणजे अधिक सुरक्षितता नव्हे. पुढील आसाचा संपूर्ण भार परत आणण्याचा जुना आग्रह संशोधनाच्या कसोटीवर टिकला नाही.

३. जोडणी ओझे कमी करीत नाही, ते विभागते. आणि हेलकाव्यांचे मूळ कारणही ती दूर करीत नाही. सामानाची मांडणी व वेग यांना ती पर्याय ठरत नाही.

४. वजनकाट्यावर तीनदा केलेले मोजमाप, म्हणजे ट्रेलरविना, ट्रेलरसह जोडणी न ताणता आणि ट्रेलरसह जोडणी ताणून, हे या प्रश्नाचे सर्वांत विश्वसनीय उत्तर आहे. त्यास खर्च थोडा व वेळ तासाभराचा लागतो. तरीही सहा-सात दशकांत ते सर्वसामान्य वहिवाटीचा भाग झाले नाही.

५. युरोप व अमेरिका यांच्या तुलनेवरून असे दिसते की सुरक्षितता एखाद्या सुट्या साधनात नसून वाहन, नियम, वेग व सवय यांच्या एकत्रित व्यवस्थेत असते.

समारोप

तंत्रविद्येच्या इतिहासात साधनाचा जन्म हा अर्धाच भाग असतो. त्या साधनाविषयीच्या समजुतींचा प्रवास हा दुसरा भाग होय. भारवितरक जोडणी एका खऱ्या अडचणीवरील चांगला उपाय म्हणून आली. पुढे ती न सोडविता येणाऱ्या अडचणींवरही उपाय म्हणून खपविली गेली, आणि तिच्या मर्यादा दाखविणारे ज्ञान फार काळ ग्रंथालयांतच राहिले. महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने यातून एक कर्तव्य सूचित होते. ज्ञानाची निर्मिती व अध्यापन यांबरोबरच ते कारागीर, चालक आणि शेतकरी यांच्या हाती त्यांच्या भाषेत पोहोचते की नाही, याचीही नोंद आपण ठेवली पाहिजे. आपल्या परिसरातील ऊसवाहतुकीच्या गाड्यांचे आसभार मोजण्याचा प्रकल्प भौतिकशास्त्र, इतिहास व अर्थशास्त्र या विभागांच्या विद्यार्थ्यांना एकत्रितपणे एका गळीत हंगामात पूर्ण करता येण्यासारखा आहे.